नानाजीनं टाकलेली बास्केट

नेमसिंग राठोड सर आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. लोक बोलत गेले आणि ते ऐकत गेले, एवढंच. आता ऐकून घेणं हे खोटं बोलण्यात धरायचं की नाही, याचा निकाल ज्यानं त्यानं लावावा.

झालं होतं असं. शाळेत असताना सर महाराष्ट्राच्या बास्केटबॉल संघात निवडले गेले. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यातलं पोरगं, कापूस आणि बैल यापलीकडं घरात कोणाला काही ठाऊक नाही, आणि हा ताडमाड वाढलेला गडी थेट पंजाबात लुधियानाला जाऊन आला. परतला तो पाठीवर ‘महाराष्ट्र’ लिहिलेला निळा ट्रॅकसूट घालूनच. लोकांनी विचारलं, “खेळला ना?” तो म्हणाला, “टीममदी होतो ना.” हे शंभर टक्के खरं होतं. संघात बारा जण असतात, मैदानात पाच उतरतात, आणि नेमसिंग त्या सबंध स्पर्धेत बेंचवरून उठला तो फक्त टाळ्या वाजवायला आणि पाणी द्यायला. मैदानात तो एकदाही उतरला नाही. पण तसं नेमकं कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगत सुटायला तो काही वेडा नव्हता.

बाकीचं काम बसस्टँडवरच्या नानाजीनं केलं. नानाजीचं चहाचं हॉटेल. दुधात पाणी आणि गोष्टीत तिखटमीठ, दोन्हींत त्याचा हात सढळ. पहिल्या वर्षी त्याच्या गोष्टीत नेमसिंग नुसताच खेळला. पुढं त्यानं एक बास्केट टाकली. सर शाळेत पीटीचे मास्तर झाले तोवर ती बास्केट सामन्याच्या शेवटच्या सेकंदाला जाऊन पोचली होती, आणि हल्ली तर शिट्टी वाजली तेव्हा चेंडू हवेत होता. सर समोरच बसून चहा पीत असायचे. “जाऊ द्या ना नानाजी,” म्हणायचे. मग नानाजी गिऱ्हाइकाला सांगायचा, “पाहा, माणूस किती साधा.”

सरांची मुलगी सुरभी दहावीत आहे. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, जिथं दिवाळीच्या दिवसांत निम्म्या गावाचं सोयाबीन वाळत पडलेलं असतं, तिथं ती बापाकडून खेळ शिकली आणि यंदा जिल्ह्याच्या संघात गेली. दिवाळीआधी अमरावतीला स्पर्धा होती. तिथून तिचा फोन आला तेव्हा सर नानाजीकडं बसले होते. पोरीचं कौतुक चारचौघांच्या कानावर जावं म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“बा, मले खेळवूनच नाही राह्यले. बेंचवर बसवलं.”

हॉटेलातले सगळे सरांकडं पाहू लागले. आणि सर, ज्यांना त्या वाक्याचा अर्थ तिथं बसलेल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होता, मोठ्यानं म्हणाले, “राठोडाच्या घरचं कोणी बेंचवर बसत नसते. खेळता येत नसल तर घरी ये.”

सुरभी स्पर्धा संपल्यावर घरी आली. बूट तिनं मागच्या पडवीत तुराट्यांच्या ढिगावर फेकले. अमरावतीतले पहिले दोन्ही संघ राज्य स्पर्धेला जाणार होते, आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सोलापूरला निघायचं होतं. ती म्हणाली, मी जात नाही.

दिवाळीच्या अमावास्येला संध्याकाळी तांड्यातल्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर फिरतात. एकेका मोठ्या माणसापुढं दिवा धरायचा आणि ‘तोन मेरा’ म्हणून त्याचं वर्षभराचं भलं मागायचं, अशी रीत आहे. सुरभीनं सगळा तांडा केला. स्वतःच्या दारात आल्यावर आईपुढं दिवा धरला, “याडी, तोन मेरा,” म्हणाली, आणि बापापुढून दिवा तसाच पुढं नेला. सर तिला ओवाळणी द्यायला खिशात हात घालून उभे होते. तो हात बराच वेळ खिशातच राहिला. एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेचं खरं कारण कोणाला सांगायची सोय नव्हती.

“बोला ना तिच्यासंग,” सकाळी त्यांची बायको वर्षा म्हणाली. “तुमी मोठे खेळाडू. बेंचवर बसणं काय असते ते तुमाले काय माहीत? पोट्टीच्या मनाचा तरी इचार करा.”

सरांनी मान डोलावली आणि ते शेतात निघून गेले.

पाडव्याच्या दुपारी पुतण्या बादल आला. सरांच्या मोठ्या भावाचा मुलगा, पुण्याला नोकरीला. येताना तो टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आला होता. हा बादल नोकरी सांभाळून गेमांचे व्हिडिओ करतो, कोणता चांगला, कोणता फालतू ते सांगतो. आता त्याच्या डोक्यात एक नवीन आलं होतं: बास्केटबॉलचा गेम खऱ्या खेळाडूला किती खरा वाटतो, ते त्याच्याच तोंडून ऐकवायचं.

“गेमवाले सगळेच म्हणतात, लय रियल आहे. पण त्यायनं कधी बॉल हाती धरला नाही,” तो म्हणाला. “काका, तुमी सांगितलं तं वजन पडते.”

सर नको नको म्हणत होते, पण बादलनं रिमोटसारखं ते दोन दांड्यांचं यंत्र त्यांच्या हातात दिलंसुद्धा आणि मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. सुरभी दाराशी पाठ करून लसूण सोलत बसली होती.

सुरुवातीला मजाच आली. पडद्यावरचं मैदान पाहून सर म्हणाले, “एवढं चकचकीत? इथं कोणी सोयाबीन नाही वाळवत वाटते.” बूट घासल्याचा आवाज त्यांना पटला. खेळाडूंच्या मानेवरचा घामही पटला. चेंडू मात्र पटला नाही. “हा सगळीकडं सारखाच उसळून राह्यला. आपल्या शाळेत रिंगखाली भेग आहे, तिथं बॉल मरते. आपल्या पोट्ट्यायले ते माहीत असते, बाहेरच्यायले नाही. मैदानाले खोड नसल तं ते मैदान कायचं?” बादल खूश होता. सरांचे अंगठे तेवढे चालत नव्हते. जो हात चेंडू न पाहता चेंडू खेळवायचा, तो आता बटण शोधत होता, आणि पडद्यावरचा सात फुटी गडी उगाच रेषेबाहेर पळत होता.

मग बादलनं यंत्र स्वतःकडं घेतलं, सामना रंगात आणला आणि मोबाइल पुन्हा वर केला. “आता मेन सवाल. शेवटचं मिनिट आहे. स्कोअर बरोबर. पूर्ण पब्लिक उभी. काका, आत खरंच असं वाटते?”

वर्षा चहा घेऊन येत होती, ती तिथंच थांबली. दाराशी लसूण सोलायचा थांबला. सगळं घर लुधियानाची वाट पाहत होतं.

“हो,” सर म्हणाले. “असंच वाटते.”

हे त्यांचं पहिलं सरळ खोटं. मधे नानाजी नव्हता, कशाचा आडोसा नव्हता. पोरीची पाठ समोर होती आणि तिच्याकडं पाहायची त्यांची हिंमत होईना.

तेवढ्यात गेममध्ये टाइमआउट झाला. पडद्यावर बेंच आला. टॉवेल घेतलेले खेळाडू, आणि टोकाला एक जण पाय पसरून, मागं रेलून बसलेला.

“हे चुकलं,” सर म्हणाले.

“काय?”

“हा शेवटचा. शेवटचा असा बसत नसते.” सर पुढं सरकले. “तो काठावर बसते. कोचनं मान वळवली का आपण दिसलो पाह्यजे, म्हून. अन् जॅकेटची चेन उघडी ठेवते. आवाज आला तं तेवढा उशीर नको. टाळ्या वाजवाले सगळ्यात पहिले तोच उठते, तेच काम असते त्याले. आतला पोट्टा बाहेर येते, ह्याच्या हातून बाटली घेते, पण देणाऱ्याच्या तोंडाकडं पाहत नाही. अन् मंग सामना संपाले येते. आता आपल्याले कोणी बोलावत नाही, हे समजते. तवा तो चेन हळूच वर लावून घेते. खाली पाहून. कोणी पाह्यलं तं नाही ना, असं.”

बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या शर्टाच्या गळ्याशी गेला होता. दुपारभरात पहिल्यांदाच ते माहीत असलेल्या माणसासारखं बोलले होते.

सुरभीनं वळून पाहिलं. अमरावतीहून आल्यापासून ती बापाशी बोलली नव्हती.

“तुमाले कसं माहीत?”

सरांनी मोबाइलकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“मी बसलो होतो.”

“कवा?”

“लुधियानाले. पूर्ण टायम.”

“अन् ती शेवटची बास्केट?”

“ती नानाजीनं टाकली,” सर म्हणाले. “हॉटेलात.”

दुसरी वेळ असती तर घर हसून लोळलं असतं. बादलनं मोबाइल बंद करून पालथा ठेवला. वर्षानं चहा टीव्हीशेजारी ठेवला आणि पदराला हात पुसत राहिली. तिनं ती बास्केट माहेरी कितीदा सांगितली असेल, ते तिचं तिलाच माहीत.

“मंग मले काहून तसं म्हटलं?” सुरभीचा आवाज चढला नव्हता, तेच सरांना सोसवेना.

“लोकं बसले होते तिथं.”

एवढंच कारण होतं. मोठ्यानं बोलल्यावर ते केवढंसं आहे, ते त्यांना दिसलं आणि मान आपोआप खाली गेली.

“माह्या बाजूले पण पोट्ट्या बसल्या होत्या, बा. त्यायनं ऐकलं सारं.” ती उठली, लसणाची टरफलं सुपात गोळा केली. “तुमी तिथंच जाऊन सांगा. नानाजीच्या इथं. मले म्हटलं तेवढ्याच जोरानं. सांगाल तं मी सोलापूरले जाईन.”

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर तिची बॅग खांद्यावर घेऊन स्टँडवर आले. सुरभी हॉटेलाबाहेर खांबाशी उभी राहिली. आत नानाजी कोण्या औषध कंपनीच्या माणसाला सांगत होता, “हे पाहा, आलेच. शिट्टी वाजली अन् बॉल हवेत…”

“नानाजी,” सर म्हणाले. त्यांनी आवाज लावला. “मी लुधियानाले खेळलोच नाही. एक मिनिट पण नाही. पूर्ण स्पर्धा बेंचवर बसलो होतो. बास्केटफिस्केट काही टाकली नाही मी.”

सरांना वाटलं, झालं एकदाचं. आता हसा.

नानाजीनं मांडीवर थाप मारली. “पाह्यलं? म्हणत होतो का नाही मी? पोरीले बाहेर बसवलं, तिच्या मनाले लागू नये, म्हून एवढा मोठा खेळाडू सोताले कमी करून राह्यला. बाप असावा तं असा.”

“मी खरं सांगून राह्यलो, नानाजी.”

“हो सर. खरं, खरं.” नानाजीनं डोळा मिचकावला. औषधवाला उठून सरांशी हात मिळवायला आला. कोणीतरी म्हणालं, सरांचा चहा माझ्याकडून. लोक हसले असते तर सर कसेबसे उभे राहिले असते. हे काय करायचं ते त्यांना कळेना. चहाचा ग्लास हातात आला, तो त्यांनी तसाच टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

यवतमाळची बस लागली होती; जिल्ह्याचा संघ तिथूनच सोलापूरला निघणार होता. सुरभी खिडकीशी बसली. तिच्या पायांत ते बूट होते, बुटांना अजून तुराट्यांचा भुसा चिकटलेला.

“कोणी मानलं नाही,” सर खिडकीखालून म्हणाले.

“ऐकलं मी.”

तिनं वाकून बुटाची नाडी आवळली. मग म्हणाली, “मले दोन मिनिटं आत घेतलं होतं, बा. शेवटच्या सामन्यात. आपण हरूनच राह्यलो होतो, म्हून.”

“सांगितलं नाही?”

“दोन मिनिटाचं काय सांगायचं? वाटलं, तुमाले लाज वाटन.”

कंडक्टरनं घंटी मारली. बस थरथरली. सर खिडकीचा गज धरून काहीतरी पुटपुटले.

“काय?” सुरभीनं कानाला हात लावला. “ऐकू नाही येत.”

बस हलली, तसे सरही बरोबर चालू लागले. हॉटेलातले सगळे ग्लास हातात घेऊन इकडंच पाहत होते. ते सरांना दिसत होतं. तरी या वेळी ते ओरडून म्हणाले, “आत कसं वाटते?”

नानाजीची गाळणी हातातच थांबली. औषधवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं, आणि नानाजीनं सरांकडं.

सुरभीनं खिडकीतून मान बाहेर काढली. “नीट समजलंच नाही,” ती म्हणाली. “आल्यावर सांगीन.”

बस वळणावरून दिसेनाशी झाली. सर रस्त्यावर उभे राहिले. तांड्याकडं परत जायची वाट हॉटेलासमोरूनच होती.