देव्हाऱ्याखालचे बर्फाचे बूट

मित्रांनो, मी बर्फावर धावणाऱ्या बुटांची एक जुनी जोडी आहे. सध्या मुक्काम दुबई, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका फ्लॅटचा देव्हारा, खालचा कप्पा. कौतुक असो वा हेळसांड, मला आता फारसं काही जाणवत नाही.

माझी पाती सिमला सोडून गेलेल्या एका साहेबाची, कातडं तिथल्याच मोच्याचं. पन्नासच्या दशकात सिमल्याला नेमणूक झालेल्या दौलतराव नावाच्या तरुण सरकारी कारकुनाने मला विकत घेतलं. ते साताऱ्याचे, बर्फ पाहिलेला तो फक्त उसाच्या रसात! पहिल्याच दिवशी सपशेल आडवे झाले. पण गडी हट्टी. ऊन चढलं की मैदानावरचा बर्फ मऊ पडायचा, म्हणून उजाडताच हॉकी खेळायची आणि लंगडत ऑफिस गाठायचं. खेळाचा पगार नाही, बक्षीस म्हणजे गरम चहा. एका सामन्यात पुढचा दात गेला, तर घरी कळवलं, जिन्यावरून पडलो. गोल वाचवायला ते असे आडवे यायचे, की लोक "मराठा दीवार!" म्हणून ओरडायचे. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

मग पुण्याला बदली झाली. बर्फ संपला, खेळ संपला आणि मी माळ्यावर गेले.

नव्वदी ओलांडल्यावर मुलगा शैलेंद्र त्यांना दुबईला घेऊन आला; त्यांच्या पेटीतून मीही आले. नात मुग्धा इथे मॉलमधल्या बर्फावर हॉकी खेळते हे कळताच म्हातारा खुलला.

"एकदा कठड्याला धरून उभं राहायचंय. याच बुटांत."

"नक्की बाबा, या शनिवारी," शैलेंद्र म्हणाला. पण शनिवारी कधी क्लायंट यायचा, कधी शारजाला कुणाकडे जेवण असायचं.

दसऱ्याला मात्र मला देवापुढे मांडलं. सूनबाई साधना बिचकली, "अहो, बूट देवापाशी?"

"बूट काय, बाबांचं शस्त्र आहे ते!"

माझ्या पात्यांवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, ओला झेंडू ठेवला. सगळे दौलतरावांच्या पाया पडले. मग मला तशाच ओल्या पात्यांनी कप्प्यात सरकवलं. पुढच्या दसऱ्यालाही तेच.

अखेर एक शनिवार मोकळा मिळाला. मॉलमध्ये पात्यांना धार लावणाऱ्या ओवेसने मला उलटसुलट करून पाहिलं. "चाचा, ये तो खलास. जंग अंदर तक खा गया. पहनोगे तो टूटेगा."

"आजोबा, लेट्स टेक रेंटल्स ना!" मुग्धा म्हणाली.

दौलतरावांनी नकारार्थी मान हलवली. कठड्याच्या फाटकातून वाकून त्यांनी बर्फावर तळहात टेकला. बराच वेळ तसाच ठेवला. "गार काही लागतच नाहीये," एवढंच म्हणाले. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

आता शैलेंद्र म्हणतो, "बाबा, नवीन जोडी घेऊ या?" दौलतराव टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, "कशाला?"

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही मागत असेल, तर पाया मागाहून पडा. आधी गाडी काढा.