सोळा आणि अठराच्या मधे

"हात दाखव. आता उलटे कर. नखं?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्या नवऱ्याचे दोन्ही पंजे खिडकीच्या उजेडात धरले. नवरा चौतीस वर्षांचा, बारा मजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात बिनधास्त उतरून काम करणारा गडी, पण या घटकेला तो पहिलीतल्या पोरासारखा बोटं ताणून उभा होता. सकाळपासून तीनदा साबणानं घासूनही नखांच्या कडेला ग्रीसची बारीक काळी रेघ राहिलीच होती.

"चालेल," मास्तर म्हणाले. "पण कव्हरला अंगठा लावायचा नाही."

बबडीला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहत होती. महिन्यातून एका रविवारी दुपारी ही मंडळी कुणा एकाच्या घरी जमायची, आणि आज पाळी त्यांच्या घराची होती. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दुसरे कंपाउंडर, त्यांच्याच डॉक्टरांकडे बबडीचं सगळं औषधपाणी असायचं. तिसऱ्या कॅशियरबाई. त्यांना नोटा मोजून मोजून पान उलटण्याआधी बोट जिभेला लावायची सवय जडली होती, आणि बोट ओठांकडे निघालं की कंपाउंडर मोठ्यानं खाकरायचे. या तिघांचा मिळून तिचा नवरा सेक्रेटरी. कामावर त्याला लोक "ए लिफ्ट" म्हणून हाक मारत. सेक्रेटरी म्हणणारी पृथ्वीच्या पाठीवर एवढी तीनच माणसं होती.

जमायचं ते काजळ्यासाठी. काजळ्या हा चित्रकथांमधला एक बडतर्फ तुरुंगाधिकारी. तोंडाला काजळी फासून तो चोरांच्या घरी चोऱ्या करायचा आणि चोरलेलं गरिबांना वगैरे काही म्हणजे काही वाटायचा नाही. कंबरदुखीची तक्रार करत सगळं स्वतःच उडवायचा. चाळीस अंक निघाले आणि छापणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. त्यालाही आता वीस वर्षं झाली होती.

"चाळीस अंकांत एक तरी पुण्याचं काम दाखवा त्यानं केलेलं," कंपाउंडर नेहमीच्या मुद्द्यावर आले.

"तेविसावा," कॅशियरबाई म्हणाल्या. "आंधळ्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देतो."

"आणि पलीकडे पोचल्यावर त्याचं घड्याळ काढून घेतो!"

"ते घड्याळ म्हाताऱ्यानं चोरलेलं असतं."

"पण हे काजळ्याला कुठं माहीत होतं, बाई?"

"म्हणून काय झालं? निघालं ना चोरीचं?"

एरवी या वादाला ती तोंडावर पदर धरून हसली असती. आज तिचं लक्ष फक्त मास्तरांच्या पिशवीकडे होतं. तिच्यात सतरावा अंक होता.

नवऱ्याकडे एकोणचाळीस अंक होते. नव्हता तो एकच, सतरावा. तो निघाला त्या महिन्यात बारा वर्षांच्या या पोराला कांजिण्या झाल्या, आणि बरा होऊन दुकानात जातो तर तिथं अठरावा लागलेला. आता सोळाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर काजळ्या पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे लिफ्टमध्ये कोंडलेला आहे, दोर कापलेला आहे, वरून धूर सोडलेला आहे, आणि खाली लिहिलंय : काजळ्या आता सुटणार कसा? अठराव्यात तो भलत्याच भानगडीत मजेत आहे. म्हणजे सुटला. पण कसा? बावीस वर्षं हा माणूस त्या लिफ्टमध्ये अडकलेला होता. लिफ्टच्या कामाला लागला तोही त्याच पायी, असा तिला दाट संशय होता. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा भेटली, तेव्हा हवापाण्याच्या गप्पा सोडून त्यानं विचारलं होतं, "समजा, लिफ्टचा दोर कापलाय. तर काय कराल?" ती म्हणाली होती, "मी जिन्यानंच जाते." यावर तो इतका मनापासून हसला होता की तिनं तिथल्या तिथे होकार ठरवून टाकला.

एका वहीत त्यानं सुटकेचे अकरा मार्ग काढले होते, आकृत्यांसकट. कपाटात सोळा आणि अठराच्या मधे अंकाच्या जाडीचा एक पन्हळी पुठ्ठा खोचून जागा राखली होती. न वाचलेल्या अंकातलं गुपित फोडायचं नाही, हा मंडळींचा नियम. आणि दुसऱ्याचा अंक नुसता वाचायला मागायचा नाही, बदली करायची, हाही नियम. मास्तरांना सतराच्या बदल्यात चौथा हवा होता, पण अगदी मूळचा, जसा छापखान्यातून निघाला तसा. दहा वर्षं ते काही ना काही खोट काढत आले होते. गेल्या महिन्यात नवऱ्यानं आपला जुना चौथा देऊन कुठून तरी असा चौथा मिळवला की बोट ठेवायला जागा नव्हती.

निदान शुक्रवारपर्यंत तरी नव्हती.

मास्तरांनी चौथा अंक पांढऱ्या फडक्यावर ठेवला, भिंग काढलं. कव्हर पाहिलं, कोपरे पाहिले, पाठ पाहिली. मग मधलं पान उघडलं आणि थबकले.

"सेक्रेटरी, या पिना चकाकतायत."

कंपाउंडरांचा कप ओठांपाशीच थांबला. कॅशियरबाईंनी कपाटातून नववा काढला, बाविसावा काढला. "यांच्याही," त्या पुटपुटल्या, घरात कुणी गेल्यासारख्या हळू आवाजात. "सगळ्यांच्याच."

नवऱ्यानं कपाटाकडे पाहिलं, टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"मीच बदलल्या," तो म्हणाला.

"तू?"

"घरात पोर रांगतंय, मास्तर. गंजकं असं ठेवणं..." त्याचे कान लालबुंद झाले होते. खोटं बोलताना ते नेहमीच व्हायचे.

"ते खोटं बोलतायत," ती एकदम म्हणाली. "मी बदलल्या."

आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. शुक्रवारी बबडी कपाटाशी बसली होती, चौथा अंक मांडीवर आणि ओठाला काहीतरी तपकिरी. ते पुसलं तर गंज! चौथ्यातली एक पिन जाग्यावर नव्हती. धनुर्वात, आतड्याला भोक, काय काय तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं बबडीला बांधून खुर्चीत बसवलं आणि चिमट्यानं एकूण एक अंकाच्या पिना उपसल्या. एकोणचाळीस अंक, अठ्ठ्याहत्तर पिना. भरल्या सत्त्याहत्तर. तीनदा मोजल्या तरी सत्त्याहत्तरच. मग सगळ्या अंकांना नवीन कोऱ्या पिना मारल्या. शिवाय वाटलं, एवढे स्वच्छ दिसतायत, यांना आनंदच होईल!

"आणि ती एक?" कॅशियरबाईंनी बबडीच्या पोटाकडे बघत विचारलं.

"काल एक्स-रे काढला. पोट स्वच्छ आहे."

"एक्स-रे?" नवरा उठून उभा राहिला. "मला कुठं बोललीस?"

कंपाउंडरांनी एक अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं. एक्स-रे त्यांच्याच डॉक्टरांनी लिहून दिला होता, आणि घरी बोलू नका म्हणून तिनं त्यांना गळ घातली होती.

नवऱ्यानं बबडीला तिच्याकडून घेतलं, पोरीच्या पोटाला नाक लावलं, आणि ती खिदळली तेव्हाच त्याचा जीव भांड्यात पडला. "पोटात नाही ना? मग झालं," तो म्हणाला. पण बोलताना त्याची नजर मास्तरांच्या पिशवीकडे गेली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुन्या पिना फेकल्यात?" मास्तरांनी विचारलं.

"फेकीन कशा? पुन्हा मोजायच्या होत्या ना." तिनं औषधाची रिकामी बाटली आणून पुढे ठेवली. आत सत्त्याहत्तर गंजक्या पिना.

मास्तर बाटली हलवून बघत राहिले. मग म्हणाले, "प्रत्येक पिनेचा कागदावर गंजाचा डाग असतो. डागाला पिन जुळवता येईल."

पुढचे दोन तास त्या खोलीत जे चाललं, ते बाहेरून कुणी बघितलं असतं तर डॉक्टरांनाच बोलावलं असतं. चार प्रौढ माणसं सतरंजीवर पालथी पडून एकेक पिन भिंगाखाली धरत होती. "हिचा डावा पाय वाकडा आहे, एकतिसावा बघा!" "बाई, बोट!" "अहो, ही तेराव्याची, माझ्या जन्मात मी तेराव्याचा डाग विसरणार नाही!" लिफ्टखालच्या खड्ड्यात पडलेल्या किल्ल्या काढायचं दोरीला बांधलेलं लोहचुंबक नवऱ्यानं आणलं, आणि हरवलेल्या पिनेसाठी तो ते सोफ्याखालून फिरवू लागला. त्याला एक हेअरपिन सापडली, एक खिळा सापडला आणि आपल्याच लिफ्टची एक किल्ली.

"वहिनी," मास्तरांनी सतरावा अंक पिशवीतून काढून तिच्या हाती दिला, "हा जरा आत उंचावर ठेवा. इथं कुणाचं कोपर लागेल. आणि सेक्रेटरीला हात लावू देऊ नका."

तिनं तो स्वयंपाकघरात नेला. फळीवर ठेवणार, तेवढ्यात मनात आलं, या एका पोथीपायी आपण नवऱ्याचं वाटोळं केलं. एवढं आहे तरी काय तीत? हात स्वच्छच होते. तिनं अंगठा न लावता पहिलं पान उघडलं.

पहिल्या चित्रात काजळ्या न्हाव्याकडे दाढी करून घेत होता. वर चौकटीत एकच ओळ होती : लिफ्टमधून कसाबसा सुटलेला काजळ्या दुसऱ्या दिवशी...

तिनं दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. लिफ्टचा पुन्हा उल्लेख नव्हता.

"वाचलंत?"

दारात मास्तर उभे होते, हातात रिकामा पेला.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"कसाबसा?"

"कसाबसा." मास्तरांनी पाणी घेतलं, पण ते प्यायले नाहीत. "ज्या दिवशी त्यानं मला पहिला मार्ग समजावून सांगितला, दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही, रुळांना जबडे धरतात वगैरे, त्या दिवशीच माझ्या लक्षात आलं की हा अंक याच्या हाती पडता कामा नये. दहा वर्षं खोटी खोट काढतोय मी. कव्हर फिकं आहे, कोपरा दुमडलाय. आज काय काढावी म्हणून रात्रभर झोप नव्हती. तुम्ही पिना उपसून मला वाचवलंत."

"आणि बाकीची दोघं?"

"त्यांना काय माहीत नाही? कॅशियरबाई तर तो वही काढायला लागला की चष्मा पुसायला घेतात."

बाहेर आल्यावर मास्तरांनी घसा साफ केला. सत्त्याहत्तर पिना आपापल्या अंकांत बसल्या होत्या. चौथ्याच्या मधोमध तेवढी एका पिनेची दोन भोकं रिकामी होती.

"एक पिन कमी," मास्तर कडक आवाजात म्हणाले. "बदली होणार नाही. सापडेल त्या दिवशी सतरावा तुझा."

"सापडेल," नवरा म्हणाला. "घरातच आहे. जाते कुठं?"

मंडळी गेली. तिनं कपबश्या धुतल्या, कपाटाच्या खालच्या फळ्या रिकाम्या करून सगळे अंक वर चढवले, मग बबडीचे आणि आपले कपडे भिजवायला घेतले. आपला शुक्रवारचा स्वेटर उलटा करताना मनगटाला काहीतरी टोचलं. बाहीच्या विणीत आडवी अडकली होती. गंजकी, एक पाय वाकडा.

ती तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसली. एक्स-रे स्वच्छ आहे असं डॉक्टर म्हणाले होते, कंपाउंडर म्हणाले होते, तिनं स्वतः जगाला सांगितलं होतं. पण विश्वास कुणाचा बसला होता? दोन दिवस ती दुपट्यांत डोळे घालत होती. अठ्ठ्याहत्तर. पिन मुठीत धरून ती धावतच बाहेर आली.

"अहो!"

नवरा सतरंजीवर बसला होता. समोर बबडी, मधे काडेपेटी, काडेपेटीला दोरा. "बघ हं," तो तिला सांगत होता, "हा बारावा. आजवर माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्या चुंबकावरून सुचला. काजळ्याकडे तुरुंगाच्या किल्ल्यांचा जुडगा असतो की नाही? आणि दाराचं कुलूप असतं बाहेरून. तर तो काय करतो..." बबडी आ वासून ऐकत होती. काडेपेटी सोफ्याच्या हाताला टेकली, लटकली, आणि मग हळूहळू, अगदी सुखरूप, सहाव्या मजल्यावर पोचली.

"काय गं?" त्यानं मान वर केली. त्याचे डोळे बारा वर्षांच्या पोरासारखे लकाकत होते. "सापडली की काय?"

"नाही," ती म्हणाली. "चहा टाकू का, विचारत होते."

"टाक की. आणि इकडे ये जरा, बारावा ऐक. हाच असणार बघ. शंभर टक्के हाच."

"आलेच."

जाता जाता ती कपाटापाशी थांबली. वरच्या फळीवर सोळा आणि अठराच्या मधे तो पुठ्ठा होता. तिनं टाचा उंचावल्या, पुठ्ठ्याच्या पन्हळीत पिन सरकवली, अगदी आतपर्यंत, बोटानं चाचपलं तरी लागणार नाही अशी. मग अंगठा न लावता पुठ्ठा पुन्हा नीट, सरळ रेषेत दाबून बसवला.