छतावरची दोन भोकं

घरचे त्याला पेचकस म्हणत, आणि ते काही उगीच नाही. बिघडलेली वस्तू न खोलता टाकून दिली तर त्याच्या पोटात दुखायचं. छतावरचा, धूर झाला की ओरडणारा स्मोक डिटेक्टर जुना होऊन सारखा चिवचिवायला लागला, तेव्हा त्याचीही तीच गत झाली. नवा आणलेला खोक्यातच राहिला. जुना छतावरून उतरवला, आधी त्याची चिरफाड!

आतली पत्र्याची डबी पकडीने उचकटली, तशी बटणाहून लहान चकती टुणकन वर्तमानपत्रावर पडली. मग त्याने झाकण उलटं केलं. किरणोत्सर्गाची तीन पात्यांची खूण आणि खाली ठळक अक्षरांत 'उघडू नये'. तो हात धुवायला पळाला आणि परत येतो तर चकती गायब! शेजारी चार वर्षांची लेक चिंगी रबरी बाहुलीला भरवत बसलेली.

"चिंगे, इथली चकती कुठाय?"

चिंगीने ओठ घट्ट मिटले.

"तोंड उघड!" तो असा ओरडला, की बायको तापत्या तेलाची कढई तशीच सोडून धावत आली.

"अहो, झालं काय?"

"हिने गिळली वाटतं." नसत्या उठाठेवीपायी पोरीच्या जिवावर उठलो आपण, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. कसाबसा त्याने अग्निशमन केंद्राला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

चिंगी मुसमुसत म्हणाली, "मी नाही खाल्ली. बाहुलीने खाल्ली."

बायकोने बाहुली उलटी करून दाबली. तोंडाच्या भोकातून चकती जमिनीवर पडली.

"हात लावू नका," फोनवरचा जवान म्हणाला. "हातमोजे घालून पिशवीत बंद करा, आम्ही येऊन नेतो. सगळ्यांचे हात साबणाने धुवा. आणि नवा लावलात ना?"

"लावतोच की आता..."

चिंगी खोकली. त्याने वळून पाहिलं. स्वयंपाकघर दिसतच नव्हतं, नुसता काळा धूर, आणि त्यात कढई भडकलेली. त्याने पोरीला उचललं, बायकोचा हात धरला आणि दाराकडे धाव घेतली.

त्याच्या खांद्यावरून छतावरच्या स्क्रूच्या दोन रिकाम्या भोकांकडे बघत चिंगीने विचारलं, "बाबा, आज ते ओरडलं कसं नाही?"