चांगुणेची पाठ

कुणाला पटायचं नाही, पण त्रेचाळीस साली तिसगावात एक बाई आठ महिन्यांत वीतभर बुटकी झाली. मोजलं कुणी नव्हतं. तिची सासू गोजरबाई मात्र शपथेवर सांगायची.

ती बाई म्हणजे चांगुणा. नवरा बन्सी तापानं गेला, त्या दिवशी गोजरबाईनंच तिला कोपऱ्यात बसवलं. गुडघे छातीशी, मान खाली, पदर नाकापर्यंत. घरची रीतच तशी. गोजरबाई स्वतः ऐन तारुण्यात, बन्सी तान्हा असताना नवरा गेला तेव्हा, वर्षभर अशीच बसली होती. तेराव्यानंतर माणसं पांगली, चांगुणा तशीच राहिली. आधी हुंदके थांबले, मग बोलणं. तान्हं पोर रडलं तरी मान वर होईना. 'हिला झपाटलंय. पोर ठेवून घ्या, हिला माहेरी धाडा,' असं भावकीत ठरत आलं.

तेवढ्यात पोराला देवी टोचायला नर्स फिलोमिना आली. कोपरा बघून ती दारातच थबकली.

"गोजरमावशी, हिला झपाटलं न्हाई. तुमी हिची घडी घालून ठिवलीय!"

"मग रांडमुंड बाईनं ताठ बसायचं? गाव थुंकंल माझ्या तोंडावर."

"थुंकू द्या! दुमडल्या छातीत श्वास मावतो का? अंग असं मिटलं की डोकं बी मिटतं, तेच तेच काळं फिरत राहतं. ताठ बसून दुःख जायचं न्हाई, मावशी. पण ते पेलायला पाठ तर लागंल का न्हाई?"

गोजरबाई भांडायला उठली आणि कमरेत जुनीच कळ आली. त्या कोपऱ्यातली! त्या वर्षातलं तिला काहीच आठवेना. बन्सीचं पहिलं पाऊल नाही, पहिला शब्द नाही.

"अगं बाई! माझं लेकरू मी बघितलंच न्हाई!"

तिनं सुनेला उठवलं, मेढीच्या खांबाला पाठ टेकवून, उजेडाकडं तोंड करून बसवलं. रोज बसवलं. भावकीनं नावं ठेवली. पंधरा दिवसांत परत आलं ते फक्त रडणं. लोकहो, सुतक मनाला असतं. ते पाठीला कशाला पाळायला लावता?

सोळाव्या दिवशी गोजरबाईचा दीर भिमाजी, गावचा नामी थापाड्या, ओसरीवर शेंगा फोडत म्हणाला, "आपल्या बन्सीनं भर बाजारात डाव्या हातानं भरला छकडा उचलला हुता!"

गोजरबाईनं मान डोलावली. मेलेल्याची थोरवी कोण खोडणार?

"खोटं हाय, मामंजी." मेढीपासून गंजका आवाज आला. "डाव्या हातानं त्यांना पोरगं बी उचलवत न्हवतं."