विझलेल्या दिव्याचं चित्र

चित्र बघितलं आणि काजवाली काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळच्या चित्रवर्गाने रात्रीचं शहर रंगवलं होतं आणि वाचनालयाच्या भिंतीवर त्याचं प्रदर्शन लागलं होतं. कुणाचा पूल, कुणाचं हॉटेल, कुणाची बसची वाट बघणारी माणसं. शेवटून दुसरं चित्र काकूंचं. कोपऱ्यावरचा खांब, बंद दुकानांची ओळ, फुटलेली फरशी. सगळं जागच्या जागी होतं. फक्त खांबावरचा दिवा लागला होता. पिवळाधमक, खाली रस्त्यावर उजेडाचं वर्तुळ टाकणारा.

काकूंनी तो लावलेला नव्हता.

शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांची नणंद बसली होती. तिने मान पुढे काढून चित्र नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हणजे वहिनी, मी आंधळीच की."

त्याच खांबाखाली नणंद पडली होती. फुटपाथच्या कडेची फरशी उखडून रस्त्यात खड्डा पडलेला, वर मिट्ट काळोख. खुबा मोडला. दोघी बायका तक्रार घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेल्या, तर रस्त्याच्या दिव्यांचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, "दिवा चालू होता. बाईंना दिसलं नसेल. वय झालंय." तो दिवा इतका जुना मेलेला की त्याच्या टोपणात पाखरांच्या पिढ्या वाढून उडाल्या होत्या. पण साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा अख्ख्या गल्लीची दातखीळ बसली. रोज त्या दिव्याला शिव्या घालणारा दुकानदारसुद्धा म्हणाला, "काकू, मी आपला लवकर दुकान बंद करतो."

मग काकूंनी तो कोपरा रंगवायला घेतला. जन्मभर शिंप्यांची काजं केलेली बाई. बोटांना काम हवं म्हणून वर्गात गेली होती. आता तिला कारण मिळालं. रात्री खोलीतला दिवा मालवून खिडकीशी बसायचं, बघायचं, आणि रंगवायचं मात्र दिवसा. दिव्याखाली रंगवलेला अंधार सकाळी भलताच निघतो, हे त्या एकदा फसून शिकल्या होत्या. रंग पाण्यात मिसळणारे तैलरंग, कारण टर्पेंटाइनच्या वासाने नणंदेची छाती भरून यायची. नळीतला तयार काळा त्यांनी वापरला नाही. निळ्यात गडद तपकिरी मिसळून पाच-सहा तऱ्हेचे अंधार केले. दुकानाच्या दाराचा वेगळा, नाल्याचा वेगळा, दिव्याच्या टोपणाखालचा वेगळा.

नणंद पलंगावरून मुकादमी करायची. "खड्डा खोल कर गं. एवढुशा खड्ड्यात माझा खुबा मोडला म्हटलं तर माझीच लाज आहे."

"आणखी खोल केला तर त्यात पाणी लागेल, वन्सं."

आता खड्डा कुठेच नव्हता. उजेडाच्या वर्तुळात तो सफाईने बुजवला होता. कार्यालयाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते कुणीतरी एका दुपारात उरकलं होतं.

"मास्तर!" काकूंनी हाक मारली. हाक कसली, वाचनालयात पेपर वाचणारे दोघे उठून उभे राहिले.

चित्रवर्गाचे मास्तर फुलांचा गुच्छ हातात घेऊनच धावत आले. "काकू, हळू. साहेब निघालेत तिकडून."

"कोण साहेब?"

मास्तर गुच्छातली फुलं सारखी करायला लागले. उत्तर नणंदेने दिलं. "दुसरे कोण? दिवेवाले. त्यांच्याच हस्ते उद्घाटन आहे वाटतं."

"दिवा कुणी लावला?" काकूंनी विचारलं.

"मीच. अहो, रात्रीच्या चित्रात एक तरी उजेडाची जागा लागते. नजर कुठे टेकायची? चित्र फारच अंधारलं होतं."

"तुम्हीच तर वाहवा केली होती! तीन वेळा मागे जाऊन, डोळे बारीक करून!"

"तेव्हा ते असं नव्हतं."

तेही खरंच होतं. या रंगाची खोडच तशी. पाणी घालून लावला की ओला असताना दुधट दिसतो, धुक्यासारखा. पाणी उडालं की मग खरा गडद उतरतो. मास्तरांनी बघितलं तेव्हा कोपऱ्यावर धुकं होतं. चित्र मागच्या खोलीत महिनाभर वाळलं, आणि धुकं जाऊन मेलेला दिवा आणि खड्डा वर आला.

"ओल्यात पसंत केलंत आणि वाळल्यावर भ्यालात," काकू म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हा हॉल कार्यालयाचा आहे, काकू. उद्या कुलूप लावलं तर वर्ग कुठे भरवू? एक दिवा तर लावला मी."

"मास्तरांनी चांगलेच दिवे लावले!" नणंद म्हणाली.

काकू हात धुवायच्या जागी गेल्या. साबण घेतला, फडकं भिजवलं, पिळलं. चित्रापुढे आल्या आणि थांबल्या. मास्तरांचा पिवळा कालचा, ओला, तो निघणार. पण खालचा आपला अंधार नीट वाळला नसेल तर तोही फडक्यात येईल, आणि मग साहेबांना दाखवायला कोरं कापड उरेल. त्यांनी कडेला अंगठ्याचं नख दाबून बघितलं. खूण उठली नाही.

त्यांनी दिवा पुसला.

पिवळा रंग फडक्यावर आला. मग रस्त्यावरचं वर्तुळ. मग बुजवलेल्या खड्ड्यातून त्यांचा खड्डा वर आला.

"आला गं माझा खड्डा!" नणंदेने टाळी वाजवली.

मास्तरांनी गुच्छ खाली ठेवला. "हे असं मला लावता येणार नाही, काकू. हात जोडतो."

"जोडू नका. तुमच्या हातांना अजून पिवळा आहे, एकमेकांना चिकटतील."

काकूंनी चित्र स्वतःच खिळ्यावरून उतरवलं आणि नणंदेच्या मांडीवर ठेवलं. दारात साहेब गाडीतून उतरत होते. त्यांनी हसून नमस्कार केला. खुर्चीचं चाक त्यांच्या बुटाला घासून गेलं. काकूंनी वळूनही बघितलं नाही.

घराचा रस्ता त्या कोपऱ्यावरूनच जायचा. खड्ड्यापाशी खुर्ची अडकली. काकूंनी दोनदा रेटली, तिसऱ्यांदा रेटली नाही. चित्रामागची दोरी सोडली आणि चित्र खांबाला बांधलं. काजवालीची गाठ, ओढली तर आणखी आवळणारी.

"वाकडं लागलंय," नणंद म्हणाली.

"खांबच वाकडा आहे."

माणसं थांबायला लागली. दुकानदार बाहेर आला, चित्र बघितलं, वर दिव्याकडे बघितलं, आणि शटरला हात घातला.

"आज दुकान उघडं ठेवायचं," काकू त्याला म्हणाल्या. "आज लवकर बंद करायचं नाही."

त्याने हात काढून घेतला.

अंधार पडला. खांबावरचा दिवा लागला नाही. मागे मोटारी अडकल्या, भोंगे वाजायला लागले, कुणीतरी ओरडलं, "खुर्ची बाजूला घ्या की, बाई!"

"दिसतेय ना तुला?" नणंद ओरडली. "मग जा वळसा घालून!"

काकूंनी खुर्चीच्या चाकाला दगड लावला आणि तिच्या शेजारी फुटपाथच्या कडेवर बसल्या.