तापलेला हात

आत्या सकाळपासून शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. उजव्या पायानं मशीन चालवायचं आणि हत्तीरोगानं सुजलेला डावा पाय शेजारच्या स्टुलावर ठेवायचा. मशीन मागच्या खोलीत होतं, कारण आत्यालाही मागच्याच खोलीत ठेवलेलं होतं. पाहुणे आले की मधलं दार लागायचं.

दरवर्षीप्रमाणे कालही आरोग्य खात्याची बाई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन गल्लीत आली होती. गोळ्या सगळ्यांनीच घ्यायच्या, धडधाकट माणसांनीसुद्धा. पण या गल्लीचं शहाणपण काही औरच! गोळ्यांनंतर ताप आला तर रक्तात रोगाचे जंतू आहेत, एवढंच सगळ्यांनी पाठ केलं होतं. ते मरतात म्हणूनच ताप येतो आणि चार दिवसांत उतरतो, हे मात्र कुणाच्या कानात शिरत नव्हतं. लग्नाच्या मुली गोळ्या गालात धरायच्या आणि बाईची पाठ फिरली की थुंकायच्या. वहिनीनं लेकीला तेच बजावलं होतं, पण आत्यानं समोर बसवून भाचीला गोळ्या गिळायला लावल्या.

आज पोरीला ताप भरला आणि नेमकी आजच तिची होणारी सासू ‘सहज’ टपकली. गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी अशा सहज येणाऱ्या बायका गल्लीत बऱ्याच दिसायच्या.

“ये गं, बस जवळ,” म्हणत तिनं मुलीचा हात हातात घेतला. “अगंबाई! केवढा तापलाय!”

“उन्हातून आलीय ती,” वहिनी घाईघाईनं म्हणाली.

मधलं दार उघडलं. पाय ओढत आत्या बाहेर आली. पाहुणीची नजर त्या पायावर खिळली.

“ऊन नाही, गोळ्यांचा ताप आहे,” आत्या म्हणाली. “तिचा पाय माझ्यासारखा होऊ नये म्हणून घेतल्यात. तुमच्या मुलानं घेतल्या का?”

“आमच्यात कुणाला काही झालेलं नाही. आम्ही कशाला घेऊ?”

“मलाही कित्येक वर्षं काही झालेलं नव्हतं.”

पाहुणीनं चहाला हातही लावला नाही. “आम्ही कळवतो,” म्हणून ती निघून गेली. काय कळवणार ते सगळ्यांना कळलंच होतं.

“वन्सं, वाटोळं केलंत माझ्या पोरीचं!” वहिनी रडू लागली. आत्याचा संताप अनावर झाला. पोरगी औषध घेऊन बरी होणार, आणि घरात सुतक आल्यासारखं रडायचं! पण भाचीचे डोळेही भरलेले पाहून तिनं ते पदरानं पुसले. लग्न मोडलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या दारातून गोळ्यांवाल्या बाईचा आवाज आला. काल राहिलेल्यांसाठी ती पुन्हा फिरत होती. पाहुणीला तरातरा जाताना शेजारणीनंही पाहिलं होतं.

“आमच्या मुली कामाला गेल्यात हो,” शेजारीण सांगत होती.

दोघी घरातच होत्या. आताच भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं होतं.

आत्या उंबऱ्याकडे निघाली.

“वन्सं, पाय झाका तरी!” वहिनी ओरडली.

आत्यानं साडी उलट थोडी वर खोचली. भरदुपारी, सगळ्या गल्लीदेखत चालत जाऊन ती शेजारणीच्या पायरीवर बसली आणि पाय समोर पसरला.

“मुलींना बाहेर बोलाव,” ती म्हणाली. “आधी हा पाय नीट बघू दे त्यांना. मग तूच सांग, गिळायच्या की थुंकायच्या.”