बोटाखालचा अ

मोठा शब्द दिसला की पोरं बुजतात. म्हणून मीच एक युक्ती काढली होती. शब्दाचा एक तुकडा बोटानं झाकायचा, ओळखीचा तुकडा वाचायचा, मग बोट काढायचं. 'बेजबाबदार'मधला 'बे' झाकला की 'जबाबदार' सापडतो. या युक्तीचं मला भारी कौतुक. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत दोनदा मिरवूनही झालं होतं.

रोज सकाळी मी तिसरीच्या वर्गाला विचारते, येताना कुठली पाटी वाचली? त्या दिवशी शालूचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. अक्षरं चित्रासारखी हुबेहूब काढणारी, पण वर्षभर एक ओळ धड न वाचलेली पोर.

"मॅडम, आडावरची. पाणी पिण्यास योग्य. आज्जीला कळशी भरून देऊन आले."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझे हात उचललेच नाहीत. आडात फवारणीच्या औषधाचा डबा पडल्याचा निरोप सकाळीच गावाच्या ग्रुपवर आला होता. पाटी त्यासाठीच लावलेली.

"शालू, शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर?"

"ते बोटानं झाकलं."

"मग बोट काढलंस?"

तिनं आपल्या बोटाकडे पाहिलं.

तिच्या आजीला, उषाबाईंना, फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. आईबाप कापूस वेचायला गेलेले, म्हणजे घरी म्हातारी एकटी. वर्ग शेजारच्या सरांवर टाकून मी शालूचा हात धरून धावत सुटले.

"आज्जी याच टायमाला गोळी खाती, मॅडम," शालू धापा टाकत म्हणाली. मी फार घाबरले होते, आणि लाजही वाटत होती, की घाबरताना मला माझी नोकरीसुद्धा आठवली.

दार उघडंच होतं. ओसरी ओली, कळशी आडवी. उषाबाई फरशीवर डोकं टेकायला आल्यागत वाकलेल्या. हलत नव्हत्या.

"आजी!"

त्यांनी मान वर केली. "याव मॅडम."

"पाणी प्यालात?"

"न्हाई. पोरीला म्हणलं, पाटीवर काय हाय ते लिहून दाव. तिनं लिहिलं अन् गेली शाळेत. मी बसले अक्षर लावत. साक्षरता वर्गात माझं अजून अ-आ-इच चालू हाय. पर पोरगी 'योग्य' म्हणली, अन् हितं तं आधी अ हाय. अ माझ्या ओळखीचा. म्हणलं, उगंच कोण कशाला लिहील? दिलं ओतून."

फरशीवर कोळशानं लिहिलं होतं, पाणी पिण्यास अयोग्य. एक चूक नव्हती. मी ओल्या ओसरीवरच बसले.

उषाबाईंनी नातीला जवळ ओढलं. "लिहिताना अ बराबर लिहिलास. मंग वाचताना का गिळला?"

"बोटानं झाकला."

"असं कुणी शिकवलं तुला?"

शालू खाली बघत राहिली. नाव काही घेईना.

"मी," मी म्हणाले.